दुरुस्तींतून जन्मलेली मोटार

जुनी परदेशी मोटार बाळगणें हा श्रीमंतांचा छंद आहे, असें सर्वसाधारणपणें समजलें जातें. अशी गाडी दारांत उभी असली कीं पाहणाऱ्याची नजर तिच्या रंगाकडे, पितळी दिव्यांकडे आणि धन्याच्या ऐपतीकडे जाते. तिच्या यंत्राखालीं निजून कोणाचे हात काळे झाले आहेत, याचा विचार सहसा होत नाहीं. परंतु जगांत ज्या मोटारीला सर्वांत अधिक प्रतिष्ठा लाभली, तिचा इतिहास अशा काळ्या हातांपासूनच सुरू होतो. रोल्स-रॉईस ही मोटार एका कारागिरानें घेतलेल्या, परक्या देशांतून आलेल्या आणि दुसऱ्यानें वापरलेल्या गाडीच्या दुरुस्तींतून जन्मास आली.

हेन्री रॉईस याचा जन्म इंग्लंडांत १८६३ सालीं एका पिठाच्या गिरणीवाल्याच्या घरीं झाला. तो नऊ वर्षांचा असतांना वडील वारले. वर्तमानपत्रें विकून आणि तारा पोंचवून त्यानें पोट भरलें. पुढें रेल्वेच्या कारखान्यांत तो उमेदवारीस राहिला, पण पैशाअभावीं ती उमेदवारी अर्धवट राहिली. १८८४ सालीं मँचेस्टर शहरांत क्लेअरमाँट या भागीदाराच्या साहाय्यानें त्यानें विजेच्या सामानाचा लहानसा धंदा काढला. प्रथम घंटा, मग डायनॅमो आणि पुढें ओझीं उचलणाऱ्या विजेच्या याऱ्या तेथें तयार होऊं लागल्या. शाळेचें शिक्षण थोडें, पण कान तीक्ष्ण आणि हात शिस्तीचा, अशी त्याची घडण होती.

१९०३ च्या सुमारास रॉईसनें डेकोव्हिल कंपनीची एक वापरलेली फ्रेंच मोटार विकत घेतली. ही कंपनी मूळची अरुंद रुळांच्या आगगाड्यांबद्दल प्रसिद्ध होती. त्या काळीं मोटार म्हणजेच चैन, आणि परदेशी मोटार म्हणजे चैनीची परिसीमा. गाडी दोन सिलिंडरांची होती व त्या काळच्या मानानें वाईटही नव्हती. पण तिचा खडखडाट आणि थरथर रॉईसच्या कानांस सोसवेना, आणि तिच्या विजेच्या जुळणींत त्याला दोषच दोष दिसूं लागले. दुसरा कोणी असता तर चार शिव्या हांसडून गाडी विकून मोकळा झाला असता. रॉईसनें तिचा भागन् भाग सुटा केला, प्रत्येकाची तपासणी केली आणि जेथें उणें दिसलें तेथें सुधारणा केली. हें करतां करतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, अशा सुधारणांची बेरीज केली तर एक संपूर्ण नवी मोटारच होते.

१ एप्रिल १९०४ रोजीं त्याची स्वतःची पहिली मोटार कारखान्याबाहेर पडली. तिलाही दोनच सिलिंडर होते. विलक्षण असा एकही शोध तींत नव्हता; जें दुसऱ्यांनीं केलें होतें तेंच अधिक काळजीपूर्वक केलें होतें. अशा तीन गाड्या झाल्या. एक स्वतः रॉईसनें ठेवली, दुसरी क्लेअरमाँटला दिली आणि तिसरी एडमंड्स नांवाच्या भागधारकाकडे गेली. याच एडमंड्सनें ४ मे १९०४ रोजीं मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलांत रॉईसची चार्लस रोल्सशीं गांठ घालून दिली. रोल्स हा उमरावाचा मुलगा. लंडनमध्यें परदेशी मोटारी आणून विकण्याचा त्याचा धंदा होता. ज्याला परदेशी माल विकावा लागे त्याला स्वदेशी माल मिळाला, आणि ज्याला बाजार ठाऊक नव्हता त्याला बाजार मिळाला. १९०६ सालीं दोघांच्या नांवाची कंपनी स्थापन झाली.

पुढच्याच वर्षीं या कंपनीच्या सहा सिलिंडरांच्या एका मोटारीला चंदेरी रंग व चांदीचा मुलामा देऊन ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणजे ‘रुपेरी भूत’ असें नांव देण्यांत आलें. भुतासारखी ती निःशब्द चाले, असा त्या नांवाचा आशय. १९०७ सालीं ही गाडी लंडन व ग्लासगो यांच्या दरम्यान पुन्हा पुन्हा धांवविली गेली. ६२९ मैलांवर पेट्रोलची चावी धक्क्यानें बंद होऊन ती एक मिनिट थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल तिनें आपणहून थांबण्याचें नांव काढलें नाहीं. चाचणी १५,००० मैलांची होती. ती संपल्यावर ऑटोमोबाइल क्लबच्या परीक्षकांनीं गाडी खोलून भागांची झीज तपासली. गाडी पूर्ववत् नवी करण्यास लागणाऱ्या भागांची किंमत निघाली अवघी २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स! कंपनीनें या आंकड्याचा गाजावाजा केला, तो योग्यच होता. वेगाची बढाई कोणीही मारावी. दुरुस्तीचा हिशेब उघडा करण्यास मात्र आत्मविश्वास लागतो.

या मोटारीची कीर्ति लौकरच महाराष्ट्राच्या घाटांत येऊन पोंचली. १९०८ सालीं ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नांवाची एक सिल्व्हर घोस्ट मुंबई-कोल्हापूर मार्गावरील ६२० मैलांच्या चाचणींत उतरली. वाटेंत सहा घाट होते. बोरघाट किंवा खंबाटकी ज्यांनीं पाहिला आहे, त्यांनीं त्या काळच्या खडीच्या रस्त्याची कल्पना करावी, म्हणजे या कसोटीचें मोल कळेल. गाडी यशस्वी झाली व ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनीं ती विकत घेतली. संस्थानिकांच्या मोटारखान्यांत या गाड्यांची रीघ लागली, त्यास अशा कसोट्याही कारण झाल्या.

विकत घेतलेली मोटार मात्र त्या काळीं पूर्ण मोटार नसे. कंपनी केवळ सांगाडा, यंत्र आणि चाकें देई. वरचें अंग बग्ग्या बांधणाऱ्या पेढ्या लांकडी चौकटीवर पत्रा ठोकून तयार करीत. त्यामुळें एकाच सांगाड्यावर आज बंदिस्त अंग, तर दहा वर्षांनीं उघडें अंग चढे. वृद्ध झालेल्या कित्येक गाड्यांचीं अंगें उतरवून त्यांना मालवाहू केलें गेलें. कांहींवर शववाहिका बांधल्या गेल्या. पहिल्या महायुद्धांत तर याच सांगाड्यांवर पोलादी कवच आणि बंदुकीचा मनोरा बसला. १९१६ सालीं वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकनें अशा चिलखती गाड्या घेऊन आफ्रिकेच्या वाळवंटांतून ‘टारा’ या बुडालेल्या जहाजाच्या कैदेंतील खलाशांची सुटका केली. नाटकगृहाच्या दारांत उभें राहण्यासाठीं बांधलेलें यंत्र वाळूंत लढलें, आणि नांवास कमीपणा आला नाहीं.

येथें दोन गाड्यांची तुलना उद्बोधक आहे. पहिली, ती १९०७ ची चंदेरी गाडी. ती १९०८ सालीं विकली गेली, चाळीस वर्षें खासगी मालकीची राहिली आणि १९४८ सालीं कंपनीकडे परत आली. तिनें एकंदर पांच लाख मैलांहून अधिक मजल मारल्याचें सांगितलें जातें. दुसरी, हैदराबादच्या निजामासाठीं १९१२ सालच्या सांगाड्यावर बांधलेली पिवळी सिंहासन-मोटार. ज्या मीर महबूब अलींनीं ती मागविली, ते १९११ सालींच वारले. पुढें समारंभापुरती ती बाहेर निघे, आणि वर्षानुवर्षें नुसती उभी असे. अखेर तिलाही मोठ्या खटपटीनें पुन्हा उभें करावें लागलें. आज ती चौमहल्ला राजवाड्यांत आहे. धांवणारी गाडी झिजते हें खरें. पण उभी गाडी गंजते, तिचें रबर कडक होतें आणि लांकूड कुजतें. न वापरल्यानें वस्तु टिकते, ही समजूत यंत्राच्या बाबतींत खोटी आहे.

स्वातंत्र्यानंतर संस्थानें विलीन झालीं, १९७१ सालीं तनखेही गेले, आणि पुष्कळ मोटारखाने रिकामे झाले. अनेक गाड्या परदेशीं गेल्या. १९७२ सालीं सरकारनें अशा जुन्या गाड्यांच्या निर्यातीस बंदी घातली. ज्या मागें राहिल्या त्यांचें रक्षण कागदी हुकुमानें होणारें नव्हतें. बाहेरून माल आणण्यावर निर्बंध होते, आणि मूळ कारखान्यानें ते भाग करणें कधींच सोडलें होतें. तेव्हां लेथवर काम करणारा फिटर, बेअरिंगांत शिसें-कथलाची मिश्रधातु ओतणारा ओतारी, मॅग्नेटोची तार नव्यानें गुंडाळणारा विजेचा कारागीर, चौकट सांधणारा सुतार आणि हातोडीनें पत्र्यास वळण देणारा डेंटर, या पांचजणांवर भार पडला. त्यांचीं नांवें कोठल्याही पितळी पाटीवर नाहींत. संचलनांत टाळ्या मालकाला मिळतात. गाडी मात्र त्यांच्या बळावर चालते.

आज एक नवा प्रश्न पुढें आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठीं स्वतंत्र नियम केले आणि नोंदणीक्रमांकांत ‘व्हीए’ ही खूण ठरविली. सांगाडा, अंग व यंत्र यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे, आणि नित्याच्या वाहतुकीस अशी गाडी वापरतां येत नाहीं. हेतु चांगला आहे. पैशाच्या जोरावर जुन्या सांगाड्यांत नवें यंत्र कोंबून ‘जुनी गाडी’ मिरविणाऱ्यांस आळा बसलाच पाहिजे. परंतु इतिहास पाहतां फेरबदल तितका परका वाटत नाहीं. अंग बदलणें हा या गाड्यांच्या जीवनक्रमाचाच भाग होता. म्हणून दुरुस्ती कोठें संपते आणि विटंबना कोठें सुरू होते, हें केवळ भागांची यादी करून ठरणार नाहीं. मूळ कारागिरानें हा भाग असा कां केला, हें ओळखून जो बदल होतो तो दुरुस्तीचाच विस्तार होय. तें न ओळखतां जो होतो तो नाश होय.

या कसोटीवर स्वतः रॉईस उतरतो. त्यानें परक्याची गाडी मोडली, पण ती समजून घेऊन मोडली. जुनी मोटार ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं तिच्या किंमतीपेक्षां तिच्या मिस्त्रीची अधिक चिंता करावी, आणि त्या मिस्त्रीच्या हाताखालीं एखादा मुलगा शिकतो आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. गाडी शंभर वर्षें टिकूं शकते, हें सिद्ध झालें आहे. तिची दुरुस्ती जाणणारा हात मात्र शिष्य नसेल तर एका पिढींतच नाहींसा होतो.