परळच्या स्टुडिओची एक शाखा : ‘बॉमगे’ची कुळकथा

भारतातील पहिला समलिंगी चित्रपट म्हणून ज्याचा उल्लेख केला जातो, त्या १९९६ सालच्या ‘बॉमगे’ या लघुपटाचे कूळ शोधू लागल्यास वाट परळ-भोईवाड्याच्या परिसरात येऊन पोहोचते. कारण रियाद विंची वाडिया यांनी ज्या ‘वाडिया मूव्हीटोन’च्या नावाने तो काढला, त्या संस्थेचा स्टुडिओ वाडिया घराण्याच्या परळ येथील ‘लवजी कॅसल’ या जुन्या वास्तूत होता. जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या या पारशी घराण्यातील जे. बी. एच. आणि होमी वाडिया या बंधूंनी १९३३ साली ही संस्था स्थापन केली, आणि १९४२ साली ती जागा व्ही. शांताराम यांच्याकडे जाऊन तेथे ‘राजकमल कलामंदिर’ उभे राहिले.

या कुळाचा मूळपुरुष मात्र दादरचा म्हणावा लागतो. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला चित्रित केला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना, म्हणून ग्रँट रोडवरील एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून उभे राहिले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रेक्षकांनी त्यांनाच राणी म्हणून पाहिले. पुढे १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पुरुष नटाने केलेल्या स्त्रीभूमिकेला मराठी रंगभूमीवर ‘स्त्रीपार्ट’ म्हणत, आणि ती रंगभूमीची रुळलेली सोय होती. त्यामुळे साळुंके यांच्या भूमिकांना ‘क्वीअर’ म्हणणे, म्हणजे रूढ स्त्री-पुरुष साच्यांत किंवा केवळ भिन्नलिंगी आकर्षणात न मावणाऱ्या ओळखींसाठी आज वापरली जाणारी संज्ञा त्यांना लावणे, इतिहासाला धरून होणार नाही. तथापि देह एक आणि भूमिका दुसरी असू शकते, हे भारतीय चित्रपटाच्या प्रेक्षकाने अगदी पहिल्याच खेळात मान्य केले होते, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

परळच्या स्टुडिओत ही मोकळीक वेगळ्या वाटेने आली. वाडिया बंधूंच्या ‘हंटरवाली’ (१९३५) या स्टंटपटात, म्हणजे मारामारी आणि साहसकृत्यांवर बेतलेल्या चित्रपटात, मूळच्या ऑस्ट्रेलियातील नादिया मुखवटा चढवून आणि हाती चाबूक घेऊन पुरुषांना लोळवत असे. पुढे राजकमलच्या ‘नवरंग’मध्ये (१९५९) संध्या यांनी होळीच्या एका नृत्यात स्त्री आणि पुरुष दोघेही एकटीनेच साकारले : डोक्याच्या मागील बाजूस पुरुषी मुखवटा आणि पाठीवर पुरुषी वेष, त्यामुळे नर्तिकेने गिरकी घेतली की छेड काढणारा पुरुष समोर येई आणि पुन्हा वळताच त्याला झिडकारणारी स्त्री. या दृश्यामागे लिंगभावाविषयी भाष्य करण्याचा हेतू होता असे मानण्याचे कारण नाही, पण एका देहात दोन लिंगभाव नांदताना इतक्या उघडपणे आणि आनंदाने क्वचितच दाखवले गेले असतील.

वेषांतराची ही परंपरा समृद्ध होती, तरी तिच्यात एक उणीव राहिली होती. त्यात स्त्रीचे स्त्रीवर किंवा पुरुषाचे पुरुषावर प्रेम नव्हते. ते मराठीत ठळकपणे मांडले विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाने, आणि पडद्यावर जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ने (१९८२), ज्यात महिलाश्रमातील दोन स्त्रियांचे संबंध अधीक्षिकेपुढे उभा राहिलेला एक प्रश्न म्हणून येतात. सहानुभूती होती, परंतु ती बाहेरून पाहणाऱ्याची होती.

‘बॉमगे’चे वेगळेपण नेमके येथे आहे. रियाद हे जे. बी. एच. वाडिया यांचे नातू. त्यांनी १९९३ साली नादियावर ‘फिअरलेस : द हंटरवाली स्टोरी’ हा माहितीपट केला होता, म्हणजे घराण्याचा वारसा त्यांनी जाणीवपूर्वक हाती घेतला होता. ते स्वतः उघडपणे समलिंगी होते, आणि ज्यांच्या सहा कवितांवर हा लघुपट बेतला ते आर. राज राव हेही. राहुल बोस आणि कुशल पंजाबी यांचा ग्रंथालयातील प्रणयप्रसंग त्यातील सर्वांत गाजलेला भाग ठरला. भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होते, त्यामुळे सार्वजनिक प्रदर्शनासाठी लागणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वाटेला न जाता हा लघुपट खासगी खेळांतून आणि महोत्सवांतून लोकांपर्यंत गेला. ही सावधगिरी अनाठायी नव्हती, कारण रीतसर प्रमाणपत्र मिळवलेल्या दीपा मेहता यांच्या ‘फायर’चे खेळसुद्धा डिसेंबर १९९८मध्ये मुंबईत मोडतोड करून बंद पाडण्यात आले.

रियाद २००३ साली, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी वारले. कलम ३७७मधील ती तरतूद ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि हे पाहायला रियाद उरले नाहीत, ही हानी केवळ त्यांच्या घराण्याची नाही. श्रीधर रंगायन यांनी २०१० साली मुंबईत सुरू केलेल्या ‘कशिश’ या क्वीअर चित्रपट महोत्सवात नवोदित भारतीय दिग्दर्शकाला त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. दरम्यान रवी जाधव यांनी तेंडुलकरांच्या कथेवरून ‘मित्रा’ हा राष्ट्रीय पुरस्कारविजेता लघुपट केला, आणि मुंबईच्या एका खोलीत वाढलेल्या रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला तरुण लग्नाविषयीच्या नातेवाइकांच्या प्रश्नांना तोंड देत गावातल्या बालमित्राच्या प्रेमात पडतो.