जातं थांबलं, ओवी कुठे गेली?



गावात पिठाची गिरणी आली आणि आपल्या आज्या-पणज्यांचे खांदे सुटले. पहाटे उठून घरादाराचं दळण दळायचं काम संपलं. त्या गिरणीला आपण नावं ठेवणार नाही. पण जात्याबरोबर ओवीही थांबली.

माहेर, भाऊ, सासरचा जाच, विठोबाची वारी, जे चारचौघांत बोलता येत नव्हतं ते बाई खुंटा हातात धरून गायची. समोरची जाऊ त्यात आपली ओवी जोडायची. हात कामात असायचे, म्हणून कुणी गप्प बसवत नव्हतं. गिरणीत डबा ठेवायचा, पैसे द्यायचे, पीठ आणायचं. तिथे मन कुठे मोकळं करणार?

तरी काही ओव्या उरल्या. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी लिहून ठेवली, म्हणून 1952 साली पुस्तक निघालं. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सोबतच्या कार्यकर्त्यांसह गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आधी वहीत उतरवल्या, मग काहींचा आवाजही टेपवर घेतला. गाणारीचं नाव आणि गावही नोंदवलं. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. एका यंत्राने जे थांबवलं, ते दुसऱ्या यंत्राने काही अंशी राखलं.

आज फोन आपलं बोलणं ऐकून लिहून देतो, प्रश्नाला उत्तर देतो. लिहिता न येणाऱ्या बाईला हा मोठा आधार आहे. पण हे यंत्र माणसांचं लिहिलेलं आणि बोललेलं ऐकूनच शिकतं. त्याच्या कानावर पुस्तकी मराठी जास्त पडते. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी कमी पडते. उद्या औषधाची, कर्जाची, योजनेची माहिती फोनलाच विचारायची वेळ आली आणि त्याला आपली बोली कळली नाही, तर? आपण बोली बदलू, नाहीतर गप्प बसू. दोन्हींत तोटा आपलाच.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करू. गावातल्या म्हाताऱ्या बायांना बोलावू. त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या ओव्या, म्हणी, बी-बियाण्यांची नावं फोनवर टिपून घेऊ. आवाजासोबत नाव आणि गाव सांगायला विसरायचं नाही. ज्या बाईचा शब्द, तिचंच नाव त्यावर राहू दे.