गुळगुळीत मेंदूचा मागोवा

झटके येणाऱ्या तान्ह्या बाळाचा नाशिकमध्ये एमआरआय काढला, की एखाद्या अहवालात 'लिसेनसेफली' असा शेरा येतो. मेंदूवर वळ्या नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत आहे, असा त्याचा अर्थ. घरी मात्र आईने ग्रहणात सुरी हाती धरली होती का, याचीच चौकशी सुरू होते. त्या एका शेऱ्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा शोध आहे.

1857 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी सस्तन प्राण्यांची विभागणी मेंदूवरून केली. उंदीर आणि वटवाघळं गुळगुळीत मेंदूच्या गटात गेली, वाघ आणि घोडे वळ्यांच्या गटात. माणसाच्या मेंदूतली विकृतीही पुढे बराच काळ अशीच, दिसेल त्यावरून नोंदली जाई. 1971 मध्ये या पद्धतीची मर्यादा उघड झाली. लंडनच्या डेव्हिड टेलर आणि सहकाऱ्यांनी अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या 10 रुग्णांच्या मेंदूचे तुकडे तपासले. नुसत्या डोळ्यांना फारसं काही दिसत नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र थर विस्कटलेले आणि पेशी अवाढव्य होत्या.

त्याच सुमारास पास्को राकिच यांनी माकडांच्या गर्भात पाहिलं, की चेतापेशी मेंदूच्या आत खोलवर जन्मतात आणि दोर धरून चढावं तशा आधारपेशींच्या तंतूंवरून वर सरकतात. मग प्रश्नच बदलला: हे काम कुठल्या टप्प्यावर बिघडलं? 1996 मध्ये जेम्स बार्कोविच आणि सहकाऱ्यांनी त्यावरच वर्गीकरण उभं केलं. पेशी निपजण्यात बिघाड झाला तर मेंदू फार लहान राहतो किंवा अवाजवी वाढतो. स्थलांतरात झाला तर गुळगुळीत राहतो. शेवटच्या मांडणीत झाला तर बारीक वळ्यांची दाटी होते. 2001, 2005 आणि 2012 मध्ये हे वर्गीकरण सुधारलं गेलं, कारण दरम्यान जनुकं हाती लागत होती.

1993 मध्ये 17व्या गुणसूत्रावरचं 'लिस-1' सापडलं. 1998 मध्ये एक्स गुणसूत्रावरचं 'डीसीएक्स' सापडलं आणि एक कोडं सुटलं. त्यात दोष असेल तर मुलाचा मेंदू गुळगुळीत होतो. स्त्रीमध्ये मात्र बाह्यकाच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, खाली पेशींचा दुसरा पट्टा तयार होतो. म्हणजे आईला येणारे झटके आणि मुलाचा आजार यांचं मूळ एकच असू शकतं. 2012 मध्ये आणखी एक गोष्ट कळली: मेंदूचा एकच अर्धा भाग अवाढव्य असलेल्या काही मुलांत जनुकातला बदल मेंदूच्याच काही पेशींत असतो, रक्तात सापडत नाही.

सोनोग्राफीची अडचणही याच इतिहासातून समजते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास निरोगी गर्भाचा मेंदूही जवळपास गुळगुळीतच असतो. त्यामुळे तेव्हाचा अहवाल 'नॉर्मल' आला, तरी त्यात कुणाची चूक असेलच असं नाही. गर्भपात कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 24 आठवड्यांपुढेही गंभीर व्यंग असल्यास गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो, तो अशा उशिरा दिसणाऱ्या दोषांसाठी महत्त्वाचा ठरतो.

2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात मुलांमधली जन्मजात व्यंगं आणि विकासातला विलंब तपासला जातो. तिथे जाताना एमआरआयच्या फिल्म सोबत न्या, आणि पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला मागा. ग्रहणाची चौकशी मात्र थांबवा. या वर्गीकरणात तिला कुठेही जागा नाही.