केसपेपर आणि फिल्म यांची सोयरीक

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या ज्या पेशंटच्या गालात गाठ झाली, त्यांपैकी किती जणांच्या सीटी स्कॅनमध्ये ती जबड्याच्या हाडापर्यंत पोचलेली दिसते? नागपुरातल्या डॉक्टरला हा प्रश्न पडणारच. पण खर्र्याची सवय लिहिलेली असते केसपेपरवर आणि हाड दिसतं स्कॅनमध्ये. मेडिकल असो की मेयो, या सरकारी रुग्णालयांत वर्षानुवर्षं केसपेपर रेकॉर्ड रूमच्या गठ्ठ्यात बांधला गेला आणि फिल्म पेशंटच्या पिशवीतून गावी गेली.

ही दोन घराणी जोडण्याची आपल्याकडची सुरुवात मी कॅन्सर नोंदणीत शोधतो. इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये मुंबईत ती उभी केली आणि 1980 मध्ये नागपुरात तिची शाखा आली. नोंदणीचे कर्मचारी स्वतः दवाखान्यांत जाऊन कागद उतरवून घेत. एकाच माणसाची बायोप्सी एकीकडे, शेक (रेडिओथेरपी) दुसरीकडे आणि मृत्यूची नोंद महापालिकेत. तरी त्याला मोजायचं एकदाच. नाव, वय, पत्ता, अवयव असं ताडून बघायचं. लग्नानंतर बाईचं आडनाव बदललेलं, वय अंदाजाने सांगितलेलं. गोंदियाहून आलेला पेशंट नागपुरातल्या भाच्याचा पत्ता देई. तो तसाच धरला, तर शहराचा आकडा उगाच फुगे. हे काम संशोधनाच्या पायाशी आहे, आणि ते करणाऱ्यांची नावं शोधनिबंधांवर क्वचितच येतात, याचं मला वाईट वाटतं.

तिथेही फिल्म मात्र आत आली नाही. निदान कशावरून झालं, या रकान्यात ‘क्ष-किरण’ एवढीच खूण उरे.

चित्राच्या बाजूची कथा अमेरिकेतली. प्रत्येक कंपनीच्या स्कॅनरची भाषा वेगळी होती, म्हणून रेडिओलॉजिस्ट आणि यंत्र बनवणारे 1983 मध्ये एकत्र बसले. 1985 मध्ये पहिलं प्रमाण आलं, 1993 मध्ये ‘डायकॉम’. डायकॉमच्या फाइलमध्ये चित्रासोबतच पेशंटचं नाव आणि क्रमांक असतो. पुढे बॉस्टनमध्ये 2004 पासून ‘आयटूबीटू’ ही प्रणाली घडली: निदान, औषधं, तपासण्या यांवर प्रश्न विचारायचा आणि आधी फक्त किती पेशंट जुळतात तो आकडा बघायचा. तिच्याच एका शाखेने, परवानगी असेल तर, त्याच पेशंटचे स्कॅन चित्रसंग्रहातून बाहेर काढण्याची सोय केली.

आपल्याकडे 27 सप्टेंबर 2021 ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि ‘आभा’ हा 14 आकडी आरोग्य-ओळख क्रमांक केसपेपरवर येऊ लागला. तोच माणूस स्कॅनरवरही ओळखता आला, तर नाव-पत्ता ताडण्याचे कष्ट वाचतील. त्यासाठी रेडिओलॉजीच्या यंत्राने पेशंटचा तपशील हॉस्पिटलच्या संगणकातून थेट उचलायला हवा. गर्दीच्या ओपीडीत टेक्निशियनला तो हाताने टाइप करावा लागला आणि एक आकडा चुकला, की खर्र्याची नोंद एकाच्या नावावर आणि जबडा दुसऱ्याच्या.