सल्फेटची गोष्ट

गेल्या शनिवारी पुणतांब्याला मामाकडे गेलो होतो. कांद्याच्या वाफ्याशेजारी दोन गोण्या होत्या. एक युरियाची, दुसरी दाणेदार गंधकाची. आजोबा बाजेवरूनच म्हणाले, "आमच्या वेळी हे दोन्ही एकाच गोणीत यायचं. सल्फेट म्हणायचो आम्ही." पुण्याला परतताना डोक्यात तेच घोळत होतं.

सल्फेट म्हणजे अमोनियम सल्फेट. दिसायला साखरेसारखं. त्यात 21 टक्के नत्र आणि 24 टक्के गंधक. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात दिव्यांसाठी दगडी कोळशातून गॅस काढत. त्यातला नकोसा अमोनिया सल्फ्युरिक आम्लात जिरवला की हे मीठ हाती यायचं. थोडक्यात, बायप्रॉडक्ट! पुढे 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊला हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला आणि कोळशाच्या गॅसवर विसंबायची गरज उरली नाही.

आमच्या भागात या खताला गिऱ्हाईक मिळालं ते कालव्यामुळे. दारणा धरण 1916 चं; त्याचं पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरी कालव्यांत येतं. पाण्यामागून ऊस आला आणि उसाला नत्राची भूक मोठी. शेणखत पुरेना, मग पेंड. पेंड सावकाश लागू पडते, सल्फेट लगेच. शिवाय आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीला हे आम्लधर्मी खत मानवतं. फक्त ते वर पसरून ठेवायचं नाही, अमोनिया उडून जातो. मातीआड करायचं आणि पाणी द्यायचं.

1943 च्या बंगालच्या दुष्काळानंतर सरकारनं सिंद्रीला मोठा कारखाना काढला. 1951 मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथे सल्फ्युरिक आम्लाऐवजी जिप्सममधला सल्फेट वापरत, कारण गंधक परदेशातून आणावं लागायचं.

मग हे खत मागे का पडलं? हिशेब करू. 100 किलो नत्र हवं असेल तर सल्फेट लागतं सुमारे 476 किलो, युरिया फक्त 217. वाहतूक निम्म्याहून कमी! आमच्या भाषेत सांगायचं तर युरिया म्हणजे कॉम्प्रेस केलेली फाईल. पण हे कॉम्प्रेशन लॉसी आहे हो! त्या 476 किलोंबरोबर जमिनीला 114 किलो गंधकही मिळायचं, ते गळालं. पुढे नव्वदच्या दशकात सल्फेटची किंमत नियंत्रणमुक्त झाली, युरियाची मात्र सरकारनं धरून ठेवली. मग शेतकरी स्वस्त गोणीच उचलणार ना?

खुद्द सिंद्रीचा जुना कारखाना 2002 मध्ये बंद पडला आणि तिथे आता नवा कारखाना आहे तो युरियाचा.

गंमत म्हणजे कांद्याचा तिखटपणा गंधकाच्याच संयुगांमुळे असतो. म्हणजे आमचा गाव जे पिकवतो, त्यालाच गंधक हवं. 2023 मध्ये सरकारनं गंधकाचं आवरण दिलेला युरिया आणला. गाडी फिरून पहिल्याच ठेसनावर!

पण मधल्या काळात जमिनीतलं गंधक उपसलं गेलं, त्याची भरपाई मामा दुसऱ्या गोणीचे पैसे मोजून करतोय. 1 जून 2017 ला शेतकऱ्यांचा संप याच पुणतांब्यातून सुरू झाला. कर्ज आणि भाव हे त्याचे मोठे मुद्दे. पण खर्च वाढतो तो असा गोणीगोणीनं.

असो. निघताना मामाला म्हटलं, पुढच्या खेपेला माती तपासून घेऊ. आजोबा हसले, "आधी तपासा, मग टाका. आम्ही उलटं केलं."