रत्नागिरीचीं खाजणें व सांडपाण्याची शुद्धि

कोंकणांतील जमिनींच्या जुन्या कागदांत चतुःसीमा सांगतांना खाडी, ओहोळ, खाजण हे शब्द येतात. संशोधक त्यांवरून हद्द ठरवितात आणि पुढें जातात. ज्या दलदलीपासून सारा मिळाला नाहीं ती निरुपयोगी, असा समज रूढ झाला आहे. तो सोडावा असें आमचें मत आहे. कारण मैल्या पाण्याची शुद्धि करणें हें या भूमीचें नित्याचें काम आहे.

रत्नागिरीच्या दक्षिणेस काजळी नदी भाट्याजवळ समुद्रास मिळते. अशा खाड्यांच्या कांठीं तिवर, कांदळ, चिपी हीं झाडें वाढतात. पाण्याबरोबर आलेला गाळ त्यांच्या मुळांत अडून खालीं बसतो. चिखलावरील शेवाळ सूर्यप्रकाशांत प्राणवायु सोडतें. त्या वायूवर जगणारे सूक्ष्म जंतु घाणीचें विघटन करितात. तींतून सुटलेलीं नत्र व स्फुरद हीं द्रव्यें शेवाळ व झाडें शोषून घेतात. कांहीं नत्र खालच्या प्राणवायुरहित चिखलांतून वायुरूपानें निघून जातो.

या क्रियेस शास्त्राचें रूप मागाहून आलें. जर्मनींत केटे झायडेल या विदुषीनें इ. स. १९५० नंतर लव्हाळ्यांवर प्रयोग केले. कॅलिफोर्नियांतील ऑस्वाल्ड व गोटास यांनीं शेवाळाच्या तळ्यांविषयींचें विवेचन १९५७ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें पाणवनस्पतींची ‘फायटोरिड’ पद्धति सिद्ध केली. कलकत्त्याच्या पूर्वेकडील मत्स्यपालक मात्र या ग्रंथांपूर्वींच शहराचें सांडपाणी तळ्यांत घेऊन मासे वाढवीत होते. त्या पाणथळीस २००२ सालीं रामसर यादींत स्थान मिळालें. म्हणजे येथें व्यवहार आधीं व सिद्धांत नंतर, असा क्रम दिसतो.

राज्यकर्त्यांची दृष्टिहि पालटली आहे. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याचा रोख खाऱ्या जमिनी राखण्याकडे व पिकाऊ करण्याकडे होता. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें कांदळवनें तोडण्यास मनाई केली. तथापि दलदलीच्या शक्तीस मर्यादा आहे. कारखान्यांतून येणारे जड धातु ती नष्ट करीत नाहीं. ते चिखलांत सांचून राहतात.

आतां संग्राहकांस एक विनंति. आपल्या दफ्तरांतील खरेदीखतें, वांटपपत्रें व हद्दीचे निवाडे वाचतांना खाजण व ओहोळ यांचे उल्लेख गांव आणि तिथीसह टिपून ठेवावे. जें खाजण भरून गेलें, त्याची सीमा जमिनीवर दिसत नाहीं. ती या कागदांतच सांपडण्याचा संभव आहे. तीं पानें कसरीनें खाल्लीं, तर पाणी पूर्वीं कोठें मुरत होतें हें सांगणारा साक्षीदार उरणार नाहीं.