निवडीच्या खोलीत कोण बसतं?

मुळशीच्या वेशीवर म्हाळुंगे-बालेवाडीला 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी मोठं क्रीडासंकुल उभं राहिलं. असली मैदानं बघितली की मला आधी ती राखणारा माणूस आठवतो. पालवणकर बाळू.

चांभाराचं पोर. पुण्याच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखायचा, साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचा. पुढं गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतलं. पण चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. तरी कप्तानपद नाही. बळी मैदानावर पडायचे, कप्तान बंद खोलीत ठरायचा. 1920 ला बाळूला वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे भाऊ संघाबाहेर पडले. संपच तो. गिरणीतल्या माणसाला लगेच कळतो. 1923 ला विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला.

(1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला न्‌ हरला. ते आपण विसरलेलो नाही. म्हणून हा हिशेब सोडायचा?)

2025 ला संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तंट्यांसाठी न्यायाधिकरण, संघटनांच्या कार्यकारिणीत बायांना आणि खेळाडूंना जागा. बरं झालं. पण माझ्या मते मंडळानं आधी एवढं करावं : कुणाला घेतलं, कुणाला वगळलं, का वगळलं, हे प्रत्येक संघटनेकडून लेखी मागावं न्‌ मैदानाच्या फाटकावर लावावं.

1920 ला असा कागद लावावा लागला असता, तर त्यावर काय लिहिलं असतं?